पोढी : डोंगरात कोरलेलं पाणी

दुपारची भांडी आटपून दळण निवडायला बसल्या असाल, तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज मी बुद्धाच्या धम्माबद्दल बोलणार आहे, आणि त्याच्या जोडीने पाणी, झाडं आणि माती यांच्याबद्दल. या दोन गोष्टी एकत्र कशा आल्या, ते आधी सांगते.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या चार गटांची सहल काढायचं ठरलं. मी बेडसे लेण्यांचं नाव सुचवलं. पुणे जिल्ह्यात मावळात, कामशेतच्या बाजूला ही लेणी आहेत. लगेच एक ताई म्हणाल्या, "ते बुद्धाचं आहे. खालच्या आळीतल्या बायकांना न्या. आम्ही आपल्या एकवीरेला जाऊ." दुसरी म्हणाली, "पिंपळाखाली डोळे मिटून बसलेला माणूस तो. आपल्या हंड्या-कळशीचं त्याला काय?" मी वाद घातला नाही. दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले. शेवटी दोन्ही ठिकाणी जायचं ठरलं, कारण एकवीरा आईचं देऊळसुद्धा कार्ल्याच्या बौद्ध लेण्याच्या दारातच आहे.

बेडशाच्या पायऱ्या चढून गेलो तेव्हा सगळ्यांच्या घशाला कोरड पडली होती. वर गेल्यावर बायकांनी पहिल्यांदा काय बघितलं असेल? खांब नाही, स्तूप नाही. कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं! हंडे वाहणाऱ्या बाईची नजर आधी पाण्यावरच जाते. त्या टाक्यावर दोन हजार वर्षांपूर्वीची अक्षरं कोरलेली आहेत. ती अक्षरं काय सांगतात, ते पुढे येईलच. पण त्याआधी हे टाकं त्या डोंगरात आलंच कसं, ते बघू. त्यासाठी अडीच हजार वर्षं मागे, उत्तरेत मगध देशात जावं लागेल.

बुद्धाचे भिक्खू सुरुवातीला बारा महिने पायी फिरत. एका गावी भिक्षा मागायची, धम्म सांगायचा, पुढच्या गावी निघायचं. पावसाळ्यातही हे फिरणं चालू असे. तेव्हा लोकांनी तक्रार केली. ते म्हणू लागले, पावसात पाखरंसुद्धा घरटं धरून बसतात, दुसऱ्या पंथाचे साधू एका जागी थांबतात, आणि हे भिक्खू मात्र कोवळं गवत तुडवत, बारीकसारीक जीव चिरडत फिरतात. ही तक्रार बुद्धाच्या कानावर गेली. त्याने लोकांचं म्हणणं मोडून काढलं नाही, नियम केला. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचं. यालाच वर्षावास म्हणतात. आषाढी पौर्णिमेनंतर आजही भिक्खू तो पाळतात.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं, सांगू? हा नियम आकाशातून पडला नाही. लोकांनी कोवळ्या गवताची आणि बारीकसारीक जिवांची बाजू मांडली, आणि नियम झाला.

भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथाला विनय म्हणतात. त्यात असे आणखी नियम आहेत. झाडझाडोरा तोडायचा नाही. स्वतःच्या हाताने जमीन खणायची नाही. ज्या पाण्यात जीव आहेत असं माहीत आहे ते पाणी वापरायचं नाही, म्हणून भिक्खूच्या मोजक्या वस्तूंमध्ये पाणी गाळायचं फडकं असतंच. दुखणं नसेल तर हिरव्या गवतावर आणि पाण्यात थुंकायचं नाही, लघवी करायची नाही. आपण हंड्याच्या तोंडाला सुती फडकं बांधतो ना, तशीच ही साधी रीत. पण ती नियम म्हणून लिहून ठेवली गेली.

आता तुम्ही म्हणाल, खणायचं नाही, तोडायचं नाही, मग शेती कशी करायची? बरोबर आहे. हे नियम भिक्खूंसाठी होते. शेतकऱ्याला नांगर धरू नको, असं बुद्धाने सांगितलं नाही. भिक्खूंचं पोटसुद्धा शेतकऱ्याच्या भाकरीवरच चालत होतं. पण समाजात काही माणसं अशी राहिली की जी गरजेपेक्षा जास्त काहीच घेत नाहीत, तर बाकीच्यांनाही आपण किती घेतो ते दिसायला लागतं. घेण्याला हद्द असते, एवढंच ते नियम सांगतात.

आणि शेताचं त्यांना कौतुक होतंच. भिक्खूचं चीवर तुकडे जोडून शिवलेलं असतं. त्याची गोष्ट अशी, की मगधातली भातशेतं, त्यांच्या ओळी आणि मधले बांध बघून बुद्धाने आनंद नावाच्या आपल्या शिष्याला सांगितलं, चीवर असं शिवता येईल का? आनंदाने तसं शिवलं. म्हणजे भिक्खूच्या अंगावर कुणाची शेतं आहेत? आपली, बांध घालणाऱ्यांची.

याच आनंदाची दुसरी गोष्ट तर आपल्या घरातलीच वाटेल. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला ५०० वस्त्रं दान केली. राजाला राग आला. एवढ्या कापडाचं हा भिक्खू करणार काय, दुकान मांडणार की काय? तो जाऊन विचारू लागला. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं फाटली आहेत त्यांना वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गादीच्या खोळी. जुन्या खोळींचं? खाली अंथरायला. ते जुनं झालं की? पायपुसणी. तीही झिजली की? धूळ झटकायची फडकी. आणि त्यांच्या चिंध्या झाल्या की? त्या कुटून, मातीच्या चिखलात मळून जमीन लिंपायला घेऊ. राजा गप्प झाला, आणि त्याने आणखी ५०० वस्त्रं दिली.

मैत्रिणींनो, आपल्या आज्ज्यांनी वेगळं काय केलं? नवं लुगडं सणाला, मग रोजच्या वापराला, मग बाळाची दुपटी, मग गोधडी, मग चूल पुसायचं फडकं, आणि शेवटी सारवणाचं पोतेरं. ज्याला आज शहरात मोठमोठी नावं देतात, त्याचा हिशेब आपल्या घरात होताच. फरक एवढाच, की बाईने केलं म्हणून त्याला कुणी शहाणपण म्हटलं नाही, गरिबी म्हटलं.

आता परत डोंगराकडे येऊ. वर्षावासाचा नियम झाला, म्हणजे पावसाळ्यात राहायला जागा हवी. धम्म दक्षिणेकडे आला, आपल्या सह्याद्रीत पोचला. इथला पाऊस तुम्हाला माहीत आहे. लाकडाची, गवताची झोपडी त्यात किती टिकणार? पण इथे काळा कातळ होता. तो कोरून खोल्या केल्या, तीच आपली लेणी. भाजे, बेडसे, कार्ले, जुन्नर, नाशिक, कान्हेरी, कुडा, वेरूळ, अजिंठा. यातली जुनी लेणी २००० वर्षांहून जुनी आहेत.

खोली झाली, पण पाण्याचं काय? मावळात चार महिने धो धो पाऊस आणि होळीनंतर बायकांच्या डोक्यावर हंडे, ही गोष्ट तेव्हाही तीच होती. डोंगरावर पडलेलं पाणी थांबत नाही, कातळावरून सरळ खाली जातं. म्हणून खोदणाऱ्यांनी लेण्याच्या वरच्या अंगाला कातळात बारीक पन्हाळी कोरल्या. पावसाचं पाणी त्या पन्हाळीतून लेण्याशेजारच्या टाक्यात आणून सोडलं. टाक्याचं तोंड लहान ठेवलं आणि आत पोट मोठं. कधी आत कातळाचेच खांब राखले, म्हणजे वरचं छत ढासळू नये. तोंड लहान, म्हणून ऊन कमी लागतं, पाणी कमी उडून जातं, पालापाचोळा कमी पडतो. मुंबईजवळच्या कान्हेरीला १०० हून जास्त लेणी आहेत, आणि तिथे जवळजवळ दर लेण्यापुढे असं टाकं आहे. एका डोंगरावर एवढी माणसं शेकडो वर्षं राहिली ती या पाण्यावर. दुसऱ्या गावाचं पाणी ओढलं नाही. आपल्या छपरावर पडलं तेवढं आपल्या दारात साठवलं.

या टाक्याला त्या काळच्या लेखांमध्ये शब्द आहे 'पोढी'. पिण्याच्या पाण्याची असेल तर 'पाणियपोढी'. लेख प्राकृत भाषेत आहेत, आणि ही प्राकृत म्हणजे आपल्या मराठीची आजीच. 'लेण' म्हणजे लेणं, 'गाम' म्हणजे गाव, हे कुणी सांगावं लागत नाही.

आता बेडशाच्या टाक्यावरची अक्षरं. ती सांगतात की हे धर्मदान सामडिनिका नावाच्या महारठिनीचं आहे. ती महाभोजाची 'बालिका', म्हणजे मुलगी, आणि अपदेवणक नावाच्या माणसाची बायको. महाभोज, महारठी ही त्या काळच्या मोठ्या घराण्यांची पदं होती. म्हणजे ही मोठ्या घरची बाई. तिच्या हातात काहीतरी द्यायची ऐपत होती, आणि तिने पाणी दिलं. बापाचं पद आहे, नवऱ्याचं नाव आहे, पण दान तिचं आहे आणि लेख तिच्या नावाचा आहे. मी हे वाचून दाखवलं तेव्हा एकवीरेला जाऊ म्हणणाऱ्या ताई टाक्याच्या काठावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे सातबारावर नाव लागलं म्हणा की बाईचं!" सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

मोठ्या घरचीच बाई देऊ शकत होती, असंही नाही. तळेगावजवळ शेलारवाडीचं लेणं आहे. तिथला लेख सांगतो की ते लेणं सिअगुतणिका नावाच्या बाईने आपल्या मुलासोबत दिलं. तिचा नवरा उसभणक हा 'हालकीय कुटुंबिक' होता. हालकीय म्हणजे नांगराचा. नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची बायको! कान्हेरीला सापा नावाच्या भिक्खुणीने आपल्या बहिणीला आणि नातलगांना सोबत घेऊन लेणं आणि पाणियपोढी दिली. म्हणजे राजघराण्याजवळची बाई आहे, शेतकरीण आहे, घर सोडलेली भिक्खुणी आहे.

दात्यांची नावं कातळावर राहिली. छिन्नी-हातोडा चालवणाऱ्या हातांची नावं मात्र क्वचितच दिसतात. कान्हेरीच्या मोठ्या चैत्याच्या लेखात दगडकाम करणाऱ्यांचा उल्लेख आहे, तेवढाच दिलासा. कुठल्याही टाक्याजवळ उभ्या राहिलात तर त्यांचीही आठवण ठेवा.

आता आपल्या आवडीच्या विषयाकडे येते. बचत आणि व्याज! तुम्हाला वाटतं बचत गट काल-परवा निघाले. नाशिकच्या लेण्यांना आपण पांडवलेणी म्हणतो, जुनं नाव त्रिरश्मी. तिथे १० नंबरच्या लेण्यात उषवदात याचा लेख आहे. हा नहपान राजाचा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे एक धंदा करणाऱ्यांचा संघ, आपल्या गटांच्या संघासारखा. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. अट काय, तर मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्च करायचं. अशा ठेवीला 'अक्षयनीवी' म्हणत, म्हणजे न संपणारी ठेव.

चला, हिशेब करू. २००० वर शेकडा एक, म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात लिहिलं आहे की वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावेत. २० गुणिले १२, किती? बरोबर २४०. एक नाणंही इकडचं तिकडे नाही. आपल्या वहीचा ताळा इतका जुळला तर तपासणीला येणाऱ्या मॅडम खूश होतील.

याच लेण्यात पुढच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा लेख आहे. तिनेही श्रेणींकडे ठेव ठेवली. त्यात कुंभारांची, पाण्याची यंत्रं करणाऱ्यांची आणि तेल गाळणाऱ्यांची श्रेणी होती. व्याज कशासाठी? त्रिरश्मी डोंगरावर आजारी पडणाऱ्या भिक्खूंच्या औषधासाठी. आपण आजारपणासाठी वेगळा निधी ठेवतो, तीच ही कल्पना. आणि 'पाण्याची यंत्रं करणारे' हा एक स्वतंत्र संघ होता, यावरून तेव्हाच्या गावात पाण्याच्या कारागिराला किती मान असेल बघा.

झाडांसाठीही ठेवी होत्या. जुन्नरच्या एका लेखात अदुथुम नावाचा उपासक दिसतो. तो कोणाचिक नावाच्या श्रेणीतला. त्याने वडालिका इथली २० निवर्तनं जमीन करंजाची झाडं लावण्यासाठी दिली आणि कटपुतक इथली ९ निवर्तनं वडाची झाडं लावण्यासाठी. निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप. करंजच का, ते तुम्हीच सांगाल. करंजाचं तेल दिव्याला चालतं, पेंड खताला होते, पाला शेतात गाडला तर जमीन सुधारते, मुळं माती धरून ठेवतात. आणि वडाची सावली वाटसरूला, फळं पाखरांना. आपण वडाला वर्षातून एकदा सूत गुंडाळतो. त्या माणसाने वड लावायला जमीन राखून ठेवली. दोन्ही करता येतं, नाही का?

एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल, ताई फारच गोड गोड सांगतात. तसं नव्हतं. नुसतं दान दिलं की काम झालं, असं तेव्हाही नव्हतं. नाशिकच्याच ३ नंबरच्या लेण्यात दोन आदेश कोरलेले आहेत. पहिल्या आदेशाने सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने भिक्खूंना कखडी गावातलं शेत दिलं. काही वर्षांत दुसरा आदेश निघाला. त्यात कबुली आहे की ते शेत कुणी कसत नाही आणि त्या गावात वस्तीही नाही, म्हणून आता शहराच्या हद्दीवरची दुसरी १०० निवर्तनं जमीन द्यावी. हा आदेश राजासोबत राजमातेच्याही नावाने आहे. तिचं नाव गौतमी बलश्री. लेखात शब्द आहे 'न कसते'. शेत कसणं हा आपला शब्द तिथे जसाच्या तसा बसला आहे.

म्हणजे राजाने दिलेलं शेतसुद्धा कसायला माणूस नसेल तर पडीक राहतं. कागदावर योजना, जागेवर ओसाड गाव. हे दुखणं १९०० वर्षांचं आहे. फरक हा, की त्यांनी चूक दगडावर कोरून कबूल केली आणि दुरुस्त केली. पोढी खोदणं एका पिढीचं काम. गाळ काढणं, पन्हाळी साफ ठेवणं हे दर वर्षीचं काम. आज कितीतरी लेण्यांतल्या टाक्यांत गाळ आहे, वर प्लास्टिकच्या बाटल्या तरंगतात. खोदणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. सांभाळणाऱ्यांची साखळी तुटली.

आता शेवटचा आणि सगळ्यात अवघड मुद्दा. पाणी साठवलं, पण ते प्यायचं कुणी?

बुद्धाच्या चरित्रात रोहिणी नदीची गोष्ट येते. नदीच्या एका काठाला शाक्य, दुसऱ्या काठाला कोलिय. दोघांची शेतं त्याच पाण्यावर. जेठ महिन्यात पाणी आटलं, पिकं सुकू लागली. आधी आमचं पाणी, आधी आमचं, असं म्हणत आधी मजुरांत भांडण, मग मालकांत, मग शस्त्रं निघाली. बुद्ध मध्ये येऊन उभा राहिला. त्याने विचारलं, पाण्याची किंमत किती? ते म्हणाले, थोडीच. आणि माणसांची? ते म्हणाले, माणसांचं मोल करता येत नाही. मग थोड्या मोलाच्या गोष्टीसाठी अमोल गोष्ट का घालवता? अशी ही जुनी कथा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तर सिद्धार्थाने घर सोडण्याचं कारणच हा रोहिणीच्या पाण्याचा वाद मानलं आहे. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला आणि सिद्धार्थाने त्याला विरोध केला, म्हणून त्याला देश सोडावा लागला.

बाबासाहेबांना पाण्याचं भांडण इतकं महत्त्वाचं का वाटलं असेल? त्याचं उत्तर महाडला आहे. महाडजवळ, मुंबई-गोवा रस्त्याच्या कडेला गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तिथला लेख सांगतो की काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणं, चैत्यघर, आठ खोल्या, दोन्ही बाजूंना दोन पोढी आणि तिथे पोचायची वाट दिली. बघा, नुसतं पाणी दिलं नाही, पाण्यापर्यंतची वाटही दिली. आणि त्याच महाडात, त्या लेण्यांच्या पायथ्याशी, पुढे असा काळ आला की चवदार तळ्यावर गुरं पाणी पिऊ शकत होती, पण अस्पृश्य म्हटलेल्या माणसांना तिथे जाता येत नव्हतं. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव झाला. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. पण कागदावर खुलं, जागेवर बंद. कखडीच्या शेतासारखंच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर सनातन्यांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

म्हणून मी म्हणते, धम्म आणि निसर्ग असा विषय निघाला की नुसतं झाडाफुलांवर प्रेम करा असं सांगून भागत नाही. आपल्याकडे पाणी आणि माणुसकी या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. टाकं भरलेलं आहे आणि वाट बंद आहे, तर ते टाकं कोरडंच समजा.

वहीतला पहिला प्रश्न होता, हे कुणाचं? विणकरांचं आहे, तेल्यांचं आहे, कुंभारांचं आहे, नांगर धरणाऱ्याच्या बायकोचं आहे, परदेशातून आलेल्या शक घराण्यातल्या विष्णुदत्ताचंही आहे. खालच्या आळीतल्या बायकांनी ते आजवर आठवणीत ठेवलं, हे त्यांचे उपकार आहेत. त्यांच्या एकट्याचंच आहे असं म्हणणं म्हणजे आपला वाटा आपणच सोडून देणं. दुसरा प्रश्न होता, हंड्या-कळशीचं त्याला काय? ते तुम्ही ऐकलंच.

सहलीहून आल्यावर आमच्या गावात काय झालं, ते थोडक्यात सांगते. नळ आल्यापासून आमची जुनी विहीर पडून होती. नळाला पाणी येतं तिसऱ्या दिवशी, आणि उन्हाळ्यात तेही चुकतं. चार गटांच्या मिळून ४४ बायकांनी ठराव केला. दरमहा प्रत्येकी १० रुपये वेगळे काढायचे, म्हणजे महिन्याला ४४०. ही रक्कम अंतर्गत कर्जाला फिरवायची, मुद्दलाला हात लावायचा नाही, आणि येणाऱ्या व्याजातून दर वर्षी विहिरीची साफसफाई. पहिला गाळ मात्र आम्ही श्रमदानाने काढला. पैशाचा ठराव पाच मिनिटांत झाला. पाणी भरायचा क्रम कसा, यावर दोन बैठका गेल्या. आवाज चढले, एक बाई उठून गेली, मग परत आली. शेवटी लिहिलं गेलं, की जी आधी येईल तिचा हंडा आधी, आळी बघायची नाही. तो ठराव वाचून दाखवायला एकवीरेवाल्या ताईच उभ्या राहिल्या. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. अजून कधीमधी कुरबुर होते. पण आता कुरबुर झाली की वही उघडून दाखवता येते.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले की तीन प्रश्न विचारा. आपल्या गावाची पोढी कोणती? तळं असेल, विहीर असेल, झरा असेल, देवराईतलं कुंड असेल. तिचा गाळ कोण काढतं आणि त्याचा पैसा कुठून येतो? आणि तिथे जायची वाट सगळ्यांना मोकळी आहे का? उत्तरं वहीत लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि सही येत नसेल तिचा अंगठा घ्या. सामडिनिकेचं नाव दोन हजार वर्षं टिकलं ते कोरलं होतं म्हणून. आपलं निदान वहीत तरी राहू द्या.

निवडलेलं दळण झाकून ठेवा. भेटू पुढच्या बुधवारी. नमस्कार.